पुण्यात चाललेला शर्ट चेंबूरला का फसला?

प्रकरण एका गोल्फ शर्टाचं आहे. तो घालणारे गृहस्थ साठीच्या उंबरठ्यावरचे. त्यांना इथे नुसतं काका म्हणतो, एरवीही तेच म्हणतो. येरवड्याला पूना क्लबच्या मैदानावर ते वर्षानुवर्षं खेळत आले आहेत, तेही गोल्फच्या छोट्या गाडीत न बसता, चालत. बॅग कॅडीकडे, म्हणजे ती वाहणाऱ्या मदतनिसाकडे. मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी काकूंबरोबर त्यांचाही मुक्काम मुंबईला पडला. घरात बायकांच्या पायात पायात करण्यापेक्षा सकाळी बाहेर पडलेलं बरं, म्हणून एका जुन्या सहकाऱ्याचे पाहुणे होऊन ते चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर खेळायला जाऊ लागले. 1927 सालचा क्लब, भोवती झाडी भरपूर, आणि पारा 32 अंशांवर. पुण्यात एप्रिलच्या उन्हात 18 होलची पूर्ण फेरी संपवून वर मिसळ खायला जाणाऱ्या माणसाला 32 अंश म्हणजे काहीच नाही.

तरी बाराव्या होलपर्यंत त्यांचा दम निघाला. शर्ट पाठीला असा चिकटला की बॅकस्विंगला काठी मागे नेत खांदा वळवताना कापड मागे ओढलं जायचं. कोपरांवरून घाम ओघळून ग्लोव्हमध्ये उतरायचा आणि चेंडूवर आघात होताना काठीची मूठ हातातल्या हातात फिरायची. उरलेले होल त्यांनी गाडीत बसून काढले. घरी येऊन पाहतात तर पाठभर घामोळं.

शर्ट साधासुधा नव्हता. बाजारात ज्याला सरसकट 'ड्रायफिट' म्हणतात त्यातला, चांगल्या दुकानातून घेतलेला, गडद निळा. काकांनी निदान स्वतःच करून टाकलं: एक तर माल डुप्लिकेट, नाहीतर धुऊन धुऊन कापडावरचं काहीतरी निघून गेलंय. मग घाईघाईत तीन नवे शर्ट घेतले आणि मला फोन केला. माझी सगळी नोकरी कापड तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली, म्हणून. "तू येऊन बघ, यातला कुठला घालू," एवढीच त्यांची अपेक्षा होती.

आधी हवा

शर्ट बघण्याआधी मी हवेचा हिशेब मांडला. शर्ट तोच होता, बदलली होती हवा.

पुण्यात एप्रिलअखेर सकाळी साडेदहाच्या सुमारास तापमान 35 अंश आणि आर्द्रता 25 टक्के धरू. चेंबूरला मे महिन्यात त्याच वेळी 32 अंश आणि 70 टक्के. पाऱ्यावर विश्वास ठेवला तर मुंबई तीन अंशांनी सुखाची. पण घाम किती वेगाने वाळणार हे ठरतं ते ओल्या त्वचेपाशी असलेला वाफेचा दाब आणि हवेतला वाफेचा दाब यांच्या फरकावर. 35 अंशांच्या ओल्या त्वचेपाशी हा दाब साधारण 5.6 किलोपास्कल असतो. वर धरलेल्या पुण्याच्या हवेत तो 1.4 येतो, चेंबूरच्या हवेत 3.3. वजाबाकी केली तर पुण्यात घाम ओढून घेणारी ताकद 4.2 आणि चेंबूरला 2.3, म्हणजे जेमतेम निम्मी.

आता दुसरी बाजू. चालत गोल्फ खेळणाऱ्या मध्यम अंगाच्या माणसाच्या शरीरात 350 ते 450 वॅट उष्णता तयार होत असते. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. त्या हिशेबाने तासाला 600 मिलिलिटर घाम पूर्ण वाळला, तर 400 वॅटची सोय झाली. सगळी मेख 'वाळला तर' या दोन शब्दांत आहे. हनुवटीवरून ठिबकून गवतावर पडलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, थंडावा मात्र देत नाही. पुण्याच्या रखरखीत हवेत हा व्यवहार सहज जमतो. चेंबूरला तो उघड्या अंगानेही काठावरच जमतो, वर पुन्हा माथ्यावर ऊन. मग अंगावर जे काही चढवाल, ते या काठावरच्या हिशेबातून वजाच होणार.

हवामान खातंसुद्धा उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागाला 40 अंशांचा आणि किनारपट्टीला 37 अंशांचा निकष लावतं. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात, उन्हात तासन्‌तास बसलेल्या माणसांचे उष्माघाताने बळी गेले, तेव्हाही पारा विदर्भाइतका चढलेला नव्हता. दमट उकाडा आकड्यात लहान दिसतो, म्हणून फसवतो.

मग शर्ट

काकांनी पलंगावर चारही शर्ट मांडून ठेवले होते. घरात यंत्रं नसली तरी बरंच काही कळतं. कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. कापड ओठांना लावून आरपार फुंकायचं. खिडकीच्या उजेडासमोर धरायचं. आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आधी कोरडं, मग भिजवून पिळलेलं तोलायचं. लेबलवर काय लिहिलंय ते सगळ्यात शेवटी वाचायचं.

निळ्या शर्टावर थेंब पडला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पसरला. म्हणजे घाम शोषून पसरवायचा त्याचा गुण शाबूत होता. माल डुप्लिकेट असल्याचा संशय तिथेच मिटला. फुंकल्यावर मात्र पलीकडे धरलेल्या हाताला काहीच जाणवेना. कापड इंटरलॉक होतं: दुहेरी विणीचं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, घट्ट, पॉलिस्टरमध्ये थोडी लायक्रा, म्हणजे ताणला जाणारा धागा, वजन साधारण 170 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. दिसायला देखणं. अंगाबरोबर बसणारं माप. डिसेंबरच्या सकाळी येरवड्याला याहून चांगला शर्ट मिळणार नाही.

इथे 'ड्रायफिट'विषयीचा एक गैरसमज काढायला हवा. पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. नेहमीच्या हवेत तो वजनाच्या 0.4 टक्के ओल धरतो, कापूस साडेआठ टक्के. धाग्यांमधल्या बारीक फटींतून घाम केशाकर्षणाने पसरत जातो आणि मोठ्या पृष्ठभागावरून वाळतो. पसरवणं हे कापडाचं काम, वाळवणं हवेचं. हवेनेच हात वर केले तर कापड घाम पसरवून पसरवून शेवटी सगळंच ओलं किच्च होतं. विणीतली भोकं पाण्याने भरली की जी थोडी हवा खेळत होती तीही बंद. त्यात आणखी एक तोटा असा, की घाम त्वचेवरून न वाळता कापडाच्या बाहेरच्या अंगावरून वाळला, तर लागणाऱ्या उष्णतेतला काही वाटा बाहेरच्या हवेतून आणि उन्हातून घेतला जातो. अंगाला मिळणारा गारवा तेवढा कमी.

दुसरा शर्ट सुती मॅटीचा, म्हणजे कॉलरच्या टी-शर्टांना सर्रास वापरतात त्या खडबडीत विणीचा. फ्रान्सच्या रेने लाकोस्तने 1926 साली अमेरिकन टेनिस स्पर्धेत लांब बाह्यांचा कडक शर्ट टाकून याच जातीचा आखूड बाह्यांचा सुती शर्ट घातला. पुढे तो टेनिसमधून गोल्फमध्ये आला आणि क्लबांच्या नियमांत जाऊन बसला. 'उन्हाळ्यात सुतीच' हे आपल्याकडचं ब्रह्मवाक्य. मलमलीच्या सदऱ्याला ते पुरेपूर लागू आहे. 220 जीएसएमच्या मॅटीला नाही. अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला साधारण सव्वा चौरस मीटर कापड लागतं, म्हणजे हा शर्ट कोराच पावणेतीनशे ग्रॅमचा. चेंबूरच्या हवेत तासाभरात तो भिजणार आणि पुढचे तीन तास भिजलेलाच राहणार. पिळून तोलला तेव्हा काकांनी काट्याकडे पाहिलं आणि काही न बोलता शर्ट बाजूला ठेवला.

तिसऱ्या शर्टावर 'बांबू' लिहिलं होतं, किंमत सगळ्यात जास्त. हात लावला की रेशमासारखा गार. पण तो गारवा दुकानातला. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला हा व्हिस्कोस. कापडात बांबूचं म्हणून सांगतात ते गुण उरलेले नसतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच कारणासाठी 2022 मध्ये कोल्स आणि वॉलमार्ट या दोन बड्या दुकानसाखळ्यांवर कारवाई केली आणि दोघांनी मिळून 55 लाख डॉलरचा दंड भरायचं कबूल केलं. व्हिस्कोस नेहमीच्या हवेतच 13 टक्के ओल धरतं आणि ओलं झालं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. शर्ट लोंबतो, काखेत ताणला जातो. घरी दुपारी वामकुक्षीला उत्तम.

चौथा लिननचा, मागावर विणलेला, समोर पूर्ण बटणपट्टी. तो बघून मला बरं वाटलं. लिनन ताठ असतं, अंगाला लगटत नाही, मध्ये हवेची फट ठेवतं, आणि फुंकर आरपार जाते. दमट हवेत ही फट लाखमोलाची. अडचण खेळातली होती. मागावरचं कापड ताणलं जात नाही आणि गोल्फच्या पूर्ण स्विंगला खांदे कमरेवर जवळजवळ काटकोनात वळतात. पाठीवर मधोमध चुणी घालून, बाही सैल ठेवून शिंप्याकडून शिवून घेतला असता तर मी हाच निवडला असता. तयार शर्टाची पाठ सपाट होती. काकांनी हॉलमध्ये हातात छत्री घेऊन स्विंग करून पाहिला आणि खांद्यापाशी टाका करकरला.

घामोळ्याची कड

मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. निळा शर्ट दाट होता, घट्ट होता, हे मान्य. पण तेवढ्याने माणूस बाराव्या होलला बसत नाही. म्हणून पाठ दाखवायला सांगितली. घामोळं मानेपासून सुरू होत नव्हतं. मानेखाली चार बोटं मोकळी सोडून, खांद्यावर दोन पट्ट्यांच्या आकारात, आणि मग पाठभर. त्याची कड थेट बनियनच्या गळ्याची होती.

"काका, आत बनियन घालता?"

"म्हणजे? बनियनशिवाय शर्ट घालून क्लबात जाऊ? चौपाटीवर चाललोय का मी?"

काकूंनी स्वयंपाकघरातून दुजोरा दिला, की लग्न झाल्यापासून यांना बनियनशिवाय शर्टात पाहिलेलं नाही. 'ड्रायफिट'च्या आत जाड सुती होजिअरीचं बनियन! घाम आधी बनियन पिणार. तिथे तो जिरून बसणार, कारण सूत पाणी सहजी सोडत नाही. जो थोडा वर येईल तो पॉलिस्टरमध्ये पसरणार आणि तिथेही वाळायला हवा नाही. त्वचेवर दिवसभर ओलं सूत घासत राहणार. घामाच्या ग्रंथींची तोंडं बंद होऊन घामोळं उठणार नाही तर काय होणार?

पुण्यात शर्ट-बनियनचं हेच जोडपं वर्षानुवर्षं खपून गेलं होतं. तिथली हवा इतकी कोरडी, की दोन थर भिजवले तरी ती दोन्ही सुकवून टाकायची. उलट, 35 अंशांच्या वर हवाच त्वचेपेक्षा गरम असते, तेव्हा आतलं ओलसर बनियन त्यांना सुखाचंच वाटत असणार. चेंबूरला येताना त्यांनी शर्टाबरोबर सवयही आणली, आणि खापर फोडलं शर्टाच्या माथ्यावर.

खात्री करायला पुढच्या फेरीला तोच निळा शर्ट, पण बनियन काढून घालायला लावला. काका नाखुशीनेच तयार झाले. परत आल्यावर म्हणाले, चिकटतो तसाच, पण छातीवरचं दडपण गेलं. म्हणजे अर्धी लढाई बनियनची होती. उरलेली अर्धी कापडाची.

काय घेतलं

नवा शर्ट गोल्फच्या दुकानातून घेतला नाही. तिथे सगळं अंगाबरोबर बसणारं, लायक्रा घातलेलं, तरुण सडपातळ खेळाडूंना शोभणारं. आम्ही धोबी तलावला गेलो. तिथल्या खेळसाहित्याच्या दुकानांत क्रिकेटच्या स्पर्धांसाठी जर्सी बनवून मिळतात. ती मंडळी कापड नावाने ओळखतात: डॉट निट, राइस निट. काउंटरवरच्या पोराला 'हलकं, भोकाचं' म्हटलं की तो नेमकं काढतो. आम्ही घेतलं ते साधारण 125 जीएसएमचं डॉट निट, पूर्ण पॉलिस्टर, लायक्रा नाही. त्याच्या खडबडीत विणीमुळे ते त्वचेला सगळीकडे न टेकता ठिपक्याठिपक्यांनी टेकतं. पूर्ण शर्ट दीडशे ग्रॅमच्या आसपास. फुंकर आरपार.

कॉलर लावून घेतली, कारण कॉलर नसलेला शर्ट बहुतेक क्लबांत चालत नाही. शर्ट पँटमध्ये खोचण्याचा आग्रहही असतो, आणि शिष्टाचार म्हणून ठीक असलं तरी उकाड्याच्या हिशेबात तो महाग पडतो. सैल शर्टात चालताना हवा खालून शिरते आणि गळ्यातून, बाह्यांतून बाहेर पडते. खोचला की खालचं दार बंद. मग उरतात बाह्या आणि गळा. म्हणून एक माप मोठा, बाहीचा घेर ऐसपैस, आणि गळ्याची पट्टी लांब, तीन बटणांची. छातीवरचा छापील बिल्ला नको म्हणून सांगितलं. तेवढ्या जागेत कापड मेणकापडासारखं बंद होतं.

रंगावर बराच खल झाला. गडद रंग उन्हात जास्त तापतो हे खरं. पण पांढरं पातळ कापड अतिनील किरण आत सोडतं, आणि पातळ पांढरं सुती कापड ओलं झालं की आणखीच. पॉलिस्टरचा धागा मुळातच बराचसा यूव्ही-बी, म्हणजे अतिनील किरणांतला त्वचा भाजणारा भाग, अडवतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र भोकं म्हणजे भोकं. म्हणून सगळा शर्ट जाळीचा न करता खांदे आणि पाठीचा वरचा भाग बंद विणीचा ठेवला आणि जाळी काखेखाली, कडेने. रंग फिका आकाशी, त्यावर बारीक नक्षी. नक्षी काकांच्या भिडेखातर. बनियन गेल्यावर ओल्या फिक्या शर्टातून आतलं दिसेल ही त्यांची खरी काळजी होती आणि ती काही खोटी नाही. राखाडी मेलांज, म्हणजे मिश्र छटांच्या धाग्यांचा रंग, मी स्वतःच बाद केला, त्यावर घामाचा नकाशा सगळ्यात ठळक उमटतो.

किंमत सांगितली तर दुकानातल्या बांबूवाल्याला राग येईल. त्याच्या पैशांत असे चार शर्ट आले असते. दोन शिवले, एक अंगात, एक बॅगेत, नऊ होल झाल्यावर बदलायला. मला विचाराल तर मुंबईच्या मे महिन्यात एका भारी शर्टापेक्षा दोन स्वस्त शर्ट केव्हाही बरे.

फरक पडला. खांदा मोकळा वळू लागला, घामोळं बसलं, नऊ होलनंतर कोरडा शर्ट चढवला की काकांना पहिल्या टीवर, म्हणजे खेळाच्या सुरुवातीला, उभं असल्यासारखं वाटायचं. पण दहा वाजून गेले, वारा पडला, की तोही शर्ट हरायचा. हवेतला वाफेचा दाब कुठलाही शिंपी बदलू शकत नाही. म्हणून टी-ऑफ, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, सव्वासहाला आणली, आणि फारच उकडलं तर नऊ होलवर थांबायचं हे काकूंनी परस्पर ठरवून टाकलं.

या सगळ्यात माझं लक्ष कॅडीकडे जात राहिलं. खेळणारा नुसता चालतो. कॅडी खांद्यावर दहा-बारा किलोची बॅग घेऊन तेवढंच चालतो, म्हणजे त्याच्या अंगात उष्णता जास्त तयार होते. आणि मी ठिकठिकाणी पाहिलेले त्यांचे गणवेश जाड टेरिकॉटचे (पॉलिस्टर आणि सुताच्या मिश्रणाचे), गळ्यापर्यंत बंद. तिथे कापडाची निवड करताना थेंब टाकून किंवा फुंकर मारून कोणी पाहिलं असेल असं वाटत नाही.

धुण्याबद्दल काकूंना वेगळं सांगावं लागलं. सुगंधी सॉफ्टनर घातलं की धाग्यांवर मेणासारखा थर बसतो आणि थेंब पसरायचा तो मोत्यासारखा वरच राहतो. असे कितीतरी 'निकामी' शर्ट साध्या पावडरने दोनचारदा धुतल्यावर पुन्हा चालू लागतात. वास हा पॉलिस्टरचा खरा दोष. अंगातला तेलकट अंश तो धरून ठेवतो. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये व्यायामानंतरचे कपडे तपासले, तेव्हा पॉलिस्टरवर मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू सुतापेक्षा जास्त पोसलेले आढळले, आणि वासही उग्र. म्हणून शर्ट बॅगेत गुंडाळून ठेवायचा नाही. आल्या आल्या पाण्यात काढून सावलीत उलटा वाळत घालायचा.

जूनमध्ये पुण्याला परत जाताना काकांनी विचारलं, आता तिकडेही हाच घालू का. म्हटलं, घाला, पण गरज नाही. पुण्यात एप्रिलमध्ये तुमचा निळा उत्तम, फक्त फिक्या रंगात घ्या. कधी मे महिन्यात नागपूरला खेळायची वेळ आली, तर दोन्ही बाजूला ठेवा आणि फिका, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती किंवा लिननचा शर्ट शिवून घ्या. पाठीला चुणी मात्र घालायला सांगा. तिथे 43 अंशांची हवा आणि ऊन अंगापासून दूर ठेवणं हे पहिलं काम. घाम काय, आपोआप वाळतो.

"आणि बनियन?"

"नागपूरला हरकत नाही."

काकूंनी तेवढ्यात बनियनचा गठ्ठा बॅगेत भरलेला होताच.